उकंडरावाच्या आया

"आमी चाललो नांदेडाला," अमीरबी भिंतीवरून म्हणाली. "उद्याच्याला, सकाळच्या गाडीनं. लेकराचं आज दिवेलागणीच्या आत उरकून घ्या वकिलीणबाई, मंग माझ्या डोक्याला ताप न्हाई." एवढं बोलून तिचं डोकं भिंतीपलीकडे बुडालं, आणि मी अंगणात तशीच उभी राहिले. एका हातात जुनं इंग्रजी मासिक, अंगठा पानात अडकवलेला, दुसऱ्या खांद्यावर उकंडराव. गंमत अशी की मी तिलाच हाक मारायला भिंतीपाशी आले होते. सकाळपासून माझ्या छातीत काहीतरी नाचत होतं, आणि ते ऐकवायला या गल्लीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. हे ऐकून घेतात, पण चष्मा पुसत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकून घेतात, पण मधेच दळणाचं काढतात. अमीरबी मात्र तोंड उघडं टाकून ऐकते, आणि चालली कुठे तर नांदेडाला. तिच्या नवऱ्याला, जलालुद्दीनला, गिरणीत काम लागलं म्हणे. इथे कापूस पिंजून, गाद्या भरून सात माणसांचं भागेना. हे सगळं भिंतीपलीकडून तुटक तुटक ऐकू येत होतं, तिचं पोरांवर ओरडणं, भांड्यांची आदळआपट, आणि माझा अंगठा त्या पानात घामाने चिकटला होता.

गेला आठवडाभर आमच्या घरात हवाई बेटांखेरीज विषय नव्हता. जपान्यांनी तिथल्या बंदरावर बॉम्ब टाकले, आणि हिंगोलीच्या कोर्टातले अर्धे वकील आमच्या ओसरीवर येऊन कापसाच्या भावाची चिंता करू लागले. यांनी नकाशा पसरला. बेटं सापडेनात. मग निळ्याशार समुद्रात माशी बसून गेल्यासारखे ठिपके दिसले, आणि सगळे जण त्यावर वाकले, जणू तिथून धूर निघताना दिसणार होता. मी पडद्याआड पोराला थोपटत उभी. मला बॉम्बचं काही वाटेना. मला वाटलं, तिथे बाया असतील. कोणी तरी धुणं वाळत घालत असेल. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा गठ्ठा काढला. जुन्या छावणीतल्या साहेबांच्या क्लबाचं सामान विकलं तेव्हा यांनी आणलेली इंग्रजी मासिकं, उंदरांनी कडा कुरतडलेली. त्यात मला तो लेख सापडला. हवाईच्या राजघराण्यातल्या बायका. फोटोत एक धिप्पाड बाई बसलेली, नाक चपटं, डोळे असे की समोरचा माणूस आपोआप चूक कबूल करील. मी चुलीपाशी बसून वाचायला लागले आणि भाकरी करपली.

तिथे म्हणे लेकरू जन्मलं की दुसऱ्याच्या घरी देतात. टाकत नाहीत, विकत नाहीत, देतात. त्याला हानाई म्हणतात. मोठ्या घरांत तर हे ठरलेलंच. त्यांची शेवटची राणी जन्मली तशी झाडाच्या सालीच्या मऊ कापडात गुंडाळून दुसऱ्या सरदाराच्या घरी नेली, आणि ती त्याच बाईच्या मांडीवर वाढली. जन्म देणाऱ्या आईबापांना पाहून तिला परक्या माणसांना पाहिल्यासारखं वाटे. आणि जिनं तिला वाढवलं त्या बाईनं स्वतःची मुलगी, पवाही नावाची, आधीच तिसऱ्या घरी दिलेली. ती तिसरी बाई वारली तेव्हा पवाही परत आली, आणि या दोघी एका घरात बहिणी म्हणून वाढल्या. मी कोळशाने फरशीवर रेघा ओढून बघितल्या, या घरातून त्या घरात, त्या घरातून पलीकडे. कोळ्याच्या जाळ्यासारखं झालं. अमरावतीच्या कॉलेजात मी इतिहास घेतला होता. सगळा इतिहास लढायांचा, तहांचा, गादीवर कोण बसलं याचा. कोणाच्या मांडीवर कोण झोपलं हे एकाही प्रोफेसरांनी सांगितलं नाही, आणि इथे तर सगळं राज्य मांडीमांडीवर उभं. मला हसू येत होतं, अंगावर काटा येत होता. कारण माझ्या खांद्यावर लाळ गाळणारा हा इसम, वकिलांचा मुलगा, बी.ए. झालेल्या बाईचा मुलगा, या घडीला कायद्याने नसेल पण गल्लीच्या हिशेबाने अमीरबीचा होता.

ते असं झालं. आधीची माझी पेमा गेली. पालथी पडायला लागली होती. थंडीचे दिवस होते, माझ्या कुशीत झोपली आणि मी सकाळी उठले तर ती उठली नाही. एवढंच झालं. तिला दुसरं काही झालं नव्हतं, ताप नाही, खोकला नाही, म्हणून त्याला नावही देता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. त्यानंतर हा झाला तेव्हा आत्याबाई कोणाला विचारत बसल्या नाहीत. पहिली अंघोळ झाल्याबरोबर त्यांनी पोराला सुपात घातलं, मागल्या दारी उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "नको आम्हाला हे कार्टं, टाकून दिलं." मरणाला ऐकू जावं म्हणून. मी दारात उभी, आणि डोक्यात कॉलेजातली मी हसत होती. तेवढ्यात ठरल्याप्रमाणे अमीरबी सहज चालल्यासारखी आली. पाच पोरांची आई, पाचही दणकट, एकालाही देवीचा वण नाही, म्हणून तीच हवी होती. ती सुपाजवळ थबकली. "या अल्ला! पोरगं पडलंय की हितं. कोणाचं हाय? कोणाचं न्हाई? मंग माझं." तिनं त्याला उचललं आणि तिथेच, उकिरड्याच्या कडेला बसून, धाकट्या हलीमाच्या वाट्याचं दूध त्याला पाजलं. आत्याबाईंनी तोंड फिरवलं आणि गोवऱ्या मोजल्यासारखं केलं. तेव्हापासून तो उकंडा, उकंडराव. मी ठरवून ठेवलेलं नाव कोणी विचारलंही नाही. रिवाज असा की उष्टावणाच्या आधी सूपभर जोंधळे देऊन त्याला विकत घ्यायचं, म्हणजे तो पुन्हा आपला. उष्टावण संक्रांतीनंतर होतं. मी निर्धास्त होते. निर्धास्त हा शब्द मी उगाच लिहिला. मी कधीच निर्धास्त नव्हते. तो झोपला की मी त्याच्या नाकापाशी हात धरायची, श्वास लागला नाही असं वाटलं की त्याला हलवायची. वारा लागेल म्हणून मी त्याला उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं, भिंतीपलीकडच्या घराशिवाय कुठेही.

आणि आता उद्या ती जाणार, म्हणजे आज घ्यायचं. आनंद व्हायला हवा होता. पण त्या पानात माझा अंगठा होता. पुढच्या पानावर त्या धिप्पाड बाईची, रूथ राजकन्येची हकीकत होती. तिला इंग्रजी येत असून ती बोलायची नाही, भलंमोठं लाकडी घर असून गवताच्या झोपडीत राहायची. तिनं पोटातलं मूल जन्मण्याआधीच पवाहीला देऊन टाकलं. नवऱ्याला पसंत नव्हतं, तरी दिलं. आणि ते मूल सहाएक महिन्यांचं होऊन गेलं. एका ओळीत. वाक्य पुढे चालू लागलं होतं, जमिनीजुमल्याचं सांगत, आणि मी त्या ओळीपाशी उभी. उकंडराव पाच महिन्यांचा आहे. मी पोराला घट्ट धरलं, तो कण्हला. मनात दोन माणसं भांडू लागली. एक म्हणालं, बघ, देऊन काही वाचत नाही, हा सगळा खुळेपणा आहे, घे विकत. दुसरं म्हणालं, खुळेपणा असेल तर मग तू घाबरतेस कशाला? तो तिचा आहे तोवर निभावलं. आज संध्याकाळी तो तुझा होईल. तुझी पेमा तुझीच होती.

मी दुपारी पोराला आणि मासिकाला घेऊन, अंगठा तसाच पानात, तिच्याकडे गेले. घर म्हणजे कापूस पिंजायच्या धुनकीतून निघालेल्या कापसासारखं सगळीकडे उडालेलं. जलालुद्दीन बाहेर धुनकीची तात उतरवत होता, पोरं गाठोड्यांवर उड्या मारत होती. अमीरबी एका वाकळेला गाठ मारत होती, गुडघा देऊन.

"या, बसा. कुठं बसता म्हना. त्या हंड्यावर बसा."

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले आणि सुटले. कशी सुटले मला कळलं नाही. राण्या, बेटं, सालीचं कापड, या घरचं मूल त्या घरी, बहिणी, रूथ. माझे हात हलत होते. उकंडराव मांडीवरून घसरला, हलीमानं त्याचा पाय धरून ठेवला. अमीरबीची गाठ तशीच राहिली.

"राण्या?" ती म्हणाली. "ज्यांच्या दारात हत्ती असत्यात तसल्या?"

"हत्ती नसतील. समुद्र होता."

"समुद्र हत्तीहून मोठा हाय. आन् त्या एकमेकीला लेकरं देतात?"

"देतात. त्यानं घरं जोडली जातात म्हणे."

"आवो ऐकलं का!" ती दाराकडे ओरडली. "मी राणी हाय म्हनं. आता तुमी लोटा स्वतः भरून घ्या." जलालुद्दीन बाहेरून म्हणाला, "राणी सायेब, गठुडं बांधा आधी, गाडी तुमच्या बापाची न्हाई." ती हसत सुटली, पदर तोंडात कोंबून, आणि मीही. पेमा गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. मग तिनं डोळे पुसले. "ती मोठी बाई मला आवडली. गवताच्या घरात ऱ्हाती, आपलीच भाषा बोलती. बराबर हाय तिचं. तिनं लेकरू दिलं ते मोठं झालं का? राजा झालं?"

मी म्हणाले, "पुढचं पान फाटलंय."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग गाठ आवळली. परतताना मला पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. खोटं बोलले म्हणून नव्हे. ती हसली होती म्हणून. राणी झाली होती म्हणून. ते मला आवरेना.

दिवेलागणीला आत्याबाई पुढे, त्यांच्या हातात जोंधळ्याचं सूप, मागे मी. अमीरबी तिच्या उंबऱ्यावर उकंडरावाला घेऊन बसली होती, डोक्यावर नवी ओढणी; दुपारी मी त्याला तिच्याकडेच ठेवून आले होते. पोरं भिंतीला ओळीनं. रीत अशी की आईनं तीनदा मागायचं, दोनदा तिनं नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा सूप घेऊन द्यायचं. मी म्हणाले, "बाई, हे लेकरू मला देता का?"

"न्हाई देत. माझं हाय."

"बाई, हे लेकरू मला देता का?"

"न्हाई वो. उकिरड्यावर सापडलं मला, वाट सोडा." पोरं खिदळली. आत्याबाईंनी सूप पुढे केलं. आता तिसऱ्यांदा. आता तो माझा. मी सुपातल्या जोंधळ्यांकडे बघत राहिले. आत्याबाईंनी कोपर मारलं.

"बाई, हे लेकरू मला देता का?"

अमीरबी माझ्याकडे बघत राहिली. "आधी सांगा," ती हळूच म्हणाली. "पान फाटलेलं न्हाई. तुमी अंगठा घालून बसला व्हता त्यात. तिच्या लेकराचं काय झालं?"

"अगं काय चाललंय तुमचं?" आत्याबाई म्हणाल्या. "दिवा लागंल आता."

मी म्हणाले, "गेलं. सहा महिन्यांचं होऊन. पवाहीच्या घरी."

अमीरबीनं पोराच्या टाळूवर हात ठेवला. "मंग त्या रूथनं तिला शिव्याशाप दिले आसतील. पवाहीला. माझं लेकरू खाल्लंस म्हनून."

"नाही दिले." आणि मला तेव्हाच, तिथे, ते वाचल्यासारखं झालं, ज्या ओळींवरून माझे डोळे सकाळी घसरून गेले होते त्या ओळी. "मरताना तिनं आपली जवळजवळ सगळी जमीन पवाहीलाच दिली."

"लेकरू गेल्यावर बी?"

"वीस वर्षांनी."

अमीरबी उठून उभी राहिली, सूप हाताने बाजूला सारलं. "मी विकत न्हाई."

"म्हंजे?" आत्याबाई ओरडल्याच. "अमीरबी, ही काय मस्करी? लेकराचं काम हाय."

"मस्करी काहून करीन बाई? विकलं की संपलं. तुमी जोंधळे दिले, मी पोरगं दिलं, सौदा झाला. उद्या मी नांदेडात, तुमी हितं. कोण कोणाचं? मी विकत न्हाई. मी देते." आणि तिनं माझा पदर ओढून पसरला आणि उकंडरावाला त्यात ठेवला. "हे माझं पोरगं. तुमच्याकडं वाढायला देऊन राहिले मी. मोठं करा. ते जोंधळे घरी न्या, माझं पोरगं जेवंल तुमच्याकडं, त्याचे जोंधळे मी घेऊन जाऊ का?"

अमीरबी बोलत राहिली, आता भराभर, बोट माझ्या छातीवर रोखून. "थंडीचं टोपरं काढू नका. दात यील तवा चावंल, मारू नका. आन् झोपंतून उठवू नका माझ्या पोराला. मला पलीकडं सगळं ऐकू येतंय. बिचारं गाढ झोपतंय, तुमी हलवता, ते रडतंय, मंग तुमाला बरं वाटतंय. तुमच्या बऱ्या वाटन्यासाठी त्याला तकलीफ काहून?"

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? एखाद्या बाईनं स्वतःचं मूल सोपवताना चार गोष्टी सांगितल्या तर आपण काय म्हणतो? मला एकदम कळलं की सकाळपासून मी रूथच्या जागी उभी राहून घाबरत होते, आणि आता मी पवाही झाले. मूल पवाहीच्याच घरात वारलं होतं, तिच्या हातात. हे जास्त भयंकर असायला हवं होतं. पण मी पदरातल्या पोराचं टोपरं सारखं करत होते. पेमा गेली तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. सगळे म्हणाले, तुझंच होतं, तुझंच गेलं, रड. जाब द्यायला माणूसच नव्हतं समोर, म्हणून रोज रात्री मी मलाच जाब देत बसले. आता नांदेडात एक माणूस असणार होतं. ओरडेल, भांडेल, आणि कोणी सांगावं, वीस वर्षांनी मला काहीतरी देऊनही जाईल. मी दारापर्यंत आले आणि वळून ओरडले, भरल्या गल्लीत, वकिलांच्या घरच्या बाईनं ओरडू नये तशी, "अमीरबी, हलीमाला याची आठवण करून देत जा!" आतून आवाज आला, "तिला काय द्यायची, दूधबहीन हाय ती त्याची."

सकाळी ती स्टेशनाकडे गेली. बैलगाडीत धुनकी उभी बांधलेली, पोरं गाठोड्यांत पेरलेली. त्यानंतर भिंतीपलीकडे काही नव्हतं. तो झोपला तेव्हा मी त्याच्याकडे बघत बसले, हात मांडीखाली दाबून. छातीत धडधड होती, पण ती परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर सोपा आल्यावर होते तशी. तिसऱ्या दिवशी गहू निवडता निवडता आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"आता उष्टावणाचं कसं करायचं गं? परक्याच्या लेकराला आपल्या घरचा पहिला घास कसा घालायचा? विकत घेतलं न्हाई. रीतच मोडली सगळी."

"रीत कशाला मोडते? त्याच्या घरीच करू उष्टावण."

"कोणाच्या घरी?"

"त्याच्या आईच्या. नांदेडला. संक्रांत झाली की जाऊ."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला भाकरी करपल्याचा वास येतोय की काय असं वाटलं. "त्याला घेऊन? गाडीनं? थंडीत? तू? तू त्याला गल्लीच्या तोंडाशी कधी नेलं न्हाई."

"तिचं लेकरू आहे आत्याबाई. तिला दाखवायला न्यायला नको का?"

बोलताना माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू आला. पूर्णा जंक्शनला गाडी बदलावी लागते, तिथे गर्दी असते, वारा असतो, कोणी शिंकतं, कोणी खोकतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि त्याच्यामागून अमीरबीचं उघडं तोंड आलं, आम्हाला दारात बघून. हे आतून चष्मा पुसत आले, काय झालं विचारायला, आणि कोणी उत्तर दिलं नाही म्हणून परत गेले. आत्याबाईंनी एक खडा शोधला, फेकला, दुसरा शोधला.

"मंग मी बी येते," त्या म्हणाल्या. "पर मला खिडकीची जागा पाहिजे. मागच्या बारीला तुझ्या सासऱ्यांनी मला दिली न्हाई."